लबाड लिहा

"लबाड लिहू का भिकारी लिहू? तूच सांग."

देशमुख हे माझ्या मायला विचारत होता. तालुक्याच्या मुलींच्या शाळेचा व्हरांडा. वर खुर्च्या मांडलेल्या, खुर्च्यांवर कमिटीची मंडळी, मधोमध देशमुख. आम्ही दोघी पायरीखाली, उन्हात. मायनं चप्पल फाटकाजवळच काढून ठेवली होती. काढ असं कोणी म्हटलं नव्हतं. आपसूक निघाली. पायाखालची फरशी तापलेली होती आणि माय एक पाय उचलायची, दुसरा टेकवायची, दुसरा उचलायची. वरून ते नाचल्यासारखं दिसत असावं, कारण एक जण हसला.

मी हसणाऱ्याचं तोंड पाहून ठेवलं. मला अकरावं लागलं होतं. तोंडं पाहून ठेवायची सवय मला त्या दिवशी लागली, ती अजून गेली नाही.

मी चौथी शिकलेली बाई आहे. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. जे झालं ते झालं तसं लिहिते. कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. मला पुष्कळ वाटून झालं आहे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपूरला. मुंबई-पुणं आमच्या लोकांना ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजूचं, काळ्या मातीचं, कपाशीचं. गावातली निम्मी जमीन देशमुखाची. त्याचं एक घर गावात, एक तालुक्याला. बा त्याचं वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करायचा. आम्ही खालच्या मोहल्ल्यात राहायचो. मोहल्ल्यातले सगळेच असे, कोणाला दोन एकर, कोणाला तेही नाही.

गावात शाळा चौथीपर्यंत. मोहल्ल्यातली चौथी पास झालेली पोरगी मी पहिली. मास्तर माझ्या बाला म्हणाला, "हिले पुढं शिकवा. सातवी झाली की मास्तरीण होईन. पगार सुरू." बा हसला. त्याला वाटलं मास्तर थट्टा करतो. पण मायनं ते ऐकलं आणि धरून ठेवलं. माय अंगठा लावायची. पण एकदा धरलेली गोष्ट सोडायची नाही. तो स्वभाव मला आला.

मग शोध सुरू झाला. आज पोरं मोबाईलवर कॉलेज शोधतात, फी पाहतात, सवलत पाहतात. आम्ही चालून शोधलं. धामणगाव बढ्याला मावशी होती. तिच्याकडं राहिले असते, पण तिथं चौथीपुढं मुलींसाठी वर्ग नव्हता. एक मिशनची शाळा होती, लांब, रेल्वेनं जावं लागे. तिथं शिकवणं फुकट, राहणं-जेवणंही फुकट. बा म्हणाला, तिथं पोरगी जाईल तर येताना दुसऱ्याच देवाची होऊन येईल. मोहल्लाही तेच म्हणाला. मला तेव्हा वाटलं, देव कोणताही असू द्या, पुस्तक तर देतो. पण मला कोण विचारतं.

राहिली तालुक्याची शाळा. पाचवी, सहावी, सातवी, सगळे वर्ग. तिथं मावशीच्या जावेची बहीण राहायची. ज्वारी पाठवली तर पोरीला ठेवून घेते म्हणाली. राहण्याचं झालं, खाण्याचं झालं, फी राहिली. कापसाचे पैसे यायचे ते देशमुखाच्या हातातून यायचे आणि हातात येईपर्यंत त्यांचं काही उरायचं नाही. मास्तरनं सांगितलं, नादारी मागा.

फी माफ करण्याला तेव्हा नादारी म्हणत. शाळेची कमिटी नादारी द्यायची. पण आधी गरिबी तपासायची. आपण म्हटलं म्हणून कोणी गरीब होत नाही. गावात पंच यायचे, घर बघायचे, आणि मग कमिटीला सांगायचे की हे घर खरंच नादार आहे.

मास्तरनं शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला. मायनं तो कुंकवाच्या डबीखाली ठेवला. रोज एकदा डबी उचलून पाहायची, आहे का.

पंच येणार म्हणून निरोप आला. पोलीस पाटील आणि देशमुखाचा दिवाणजी. दोघं दुपारी येणार.

आता यात आमचं काय झालं ते नीट सांगते, कारण शहरातल्या लोकांना हे कळत नाही. माझ्या सुनेलाही कळलं नाही. ती म्हणाली, "आत्या, तुमी येड्या होत्या का वो?"

घरी मोठी माणसं येणार. मायच्या घराची पायरी पाटलानं याआधी कधी चढलेली नव्हती. ती कशासाठी चढतात हा प्रश्नच मायच्या डोक्यात आला नाही. पाव्हणा येतो म्हणजे त्याला वाढायचं. आणि घरात काय होतं? जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, दोन थाळ्या, एकीला भोक. मातीची गाडगी. पाटलाला जर्मनमध्ये वाढायचं?

मायनं मला मोहल्ल्यात पाठवलं. मी धावले. गिरजाकाकूकडून पितळेची दोन ताटं आणली. गिरजाकाकू म्हणजे आमच्या समोरची, नवरा मेलेली, जिभेची तिखट. ताटं तिच्या माहेरची, जड. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. आमच्याकडं भांड्यावर नाव टाकतातच, लग्नाकार्यात हरवू नये म्हणून. दुसऱ्या घरून काशाच्या वाट्या. तिसऱ्या घरून गडवे. एकीनं सतरंजी दिली. एकीनं तूप दिलं, वाटीत बोटाएवढं. गहू मायनं उसने आणले आणि रात्री दळले. सगळा मोहल्ला आमच्या घरात आला होता त्या दिवशी. पोरगी शिकायला जाणार म्हणून. मी चिंच लावून ताटं घासली. इतकी घासली की त्यात माझं तोंड दिसलं. मी स्वतःशीच हसले, आणि ताटातली मी पण हसली.

पंच आले. सतरंजीवर बसले. पोळ्या, वरण, तूप, गुळाचा शिरा. वरून साखरेचा चहा. पाटील मुकाट जेवला. दिवाणजी बोलका होता. त्यानं ताटाच्या काठावरून अंगठा फिरवला आणि नाव वाचलं. मी दारात उभी होते, मी पाहिलं.

"काऊन वो, हे तं गिरजीचं ताट दिसते."

माय पदर तोंडाला लावून लाजली. "हाव. घरात ताट नाही, म्हणून आणलं."

"आन् वाट्या?"

"त्याबी मांगून आणल्या."

"तूप?"

"तूपबी."

दिवाणजी हसला. शिरा आणखी मागून घेतला. बोटं चाटली. जाताना मायला म्हणाला, "जेवण झ्याक झालं." माय दोन दिवस तेच सांगत फिरली. जेवण झ्याक झालं म्हणाले.

आणि त्यानं कमिटीत जाऊन सांगितलं की त्या घरात पितळेची ताटं आहेत, काशाच्या वाट्या आहेत, साखरेचा चहा होतो, पोळीवर तूप पडतं. हे घर नादार नाही. पंचाला फसवायला निघालेलं घर आहे.

माहीत होतं त्याला. नाव वाचलं होतं त्यानं. मायच्या तोंडून ऐकलं होतं. तूप खाल्लं होतं.

आता व्हरांड्यावर येते.

देशमुख हातातला कागद हलवत होता. खिडकीच्या गजांना आतून मुली लोंबकळल्या होत्या. नव्या मुली, तेल लावलेल्या वेण्या. त्यांच्यातच बसायला मी आले होते. मास्तरचा दाखला माझ्या हातात होता, घामानं ओला झाला होता.

माय सांगत होती की ताटं मागून आणली, मालक, दिवाणजीला तेव्हाच सांगितलं. दिवाणजी खुर्चीमागं उभा होता. तो आभाळाकडं पाहत होता.

देशमुख म्हणाला, "पितळ तुझं असंल तर तू नादार नाही. पितळ मागून आणलं असंल तर तू पंचाले फसवलं. म्हणून इचारतो. लबाड लिहू का भिकारी लिहू? तूच सांग."

माय उभी. पाय उचलते, टेकवते.

मग म्हणाली, "भिकारी लिवा, मालक."

"मोठ्यानं. मंडळीले आयकू नाही आलं."

"भिकारी लिवा."

खिडकीतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. ज्या घरी मागायला आलेलं माणूस कधी रिकाम्या हातानं गेलं नाही, त्या घरची बाई. सणाला दारात आलेल्याला पहिली भाकर काढून ठेवणारी. ती तिथं भर दुपारी, पोरीसमोर, दोनदा भिकारी झाली. माझ्यासाठी झाली. हे मी विसरले असते तर माणूस नसते.

देशमुख खूश झाला. खूश झाला की तो दाता व्हायचा. म्हणाला की नादारी एकच होती, ती तर देऊन झाली. कोणाला दिली? त्याच्या साल्याच्या पोरीला. ती आतच होती, कानात सोन्याच्या रिंगा, पायात बूट. तिच्या घरी कोणते पंच गेले होते, ते मी कोणाला विचारू? पुढं म्हणाला, "पोरगी माह्या इथल्या घरी ठेव. भांडे घासीन, दोन घास खाईन, वेळ भेटला तं शाळेत येईन. भांड्याची हौस हायेच तुमाले."

आता सगळे हसले. हसणारी सगळी तोंडं मी पाहून ठेवली.

आणि मी मायकडं पाहिलं. मायच्या तोंडावर हसू येत होतं. खोटं नाही, खरं. तिला वाटलं, काम झालं. पोरगी भांडी घासेल, पण शाळेत जाईल. तिच्या ओठावर 'हाव' आलं होतं. मला दिसत होतं ते 'हाव'.

मी देशमुखाच्या घरी काम करणाऱ्या पोरी पाहिलेल्या होत्या. त्यांना वेळ भेटत नसतो. पण खरं सांगायचं तर मी तेव्हा एवढा विचार केला नाही. माझ्या अंगात काहीतरी कडक झालं. मी एक पायरी वर चढले.

"लबाड लिवा," मी म्हटलं. "भिकारी नोका लिवू. माय भिकारी नाही. आमी लबाड हाओत. लबाड लिवा."

देशमुखानं माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं. तोवर तो माझ्या डोक्यावरून बोलत होता. मायनं माझा दंड धरला, इतका की नखं रुतली.

देशमुखानं कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचलं, "मुलगी लबाड आहे. दाखल करू नये." मग कागद दिवाणजीकडं दिला आणि चहा मागवला.

झालं. माझं शिक्षण संपलं. एका शाळेनं सोडल्याचा दाखला दिला, दुसरीनं घेतलं नाही. मी मधल्या रस्त्यावर राहिले.

येताना मायनं ओढ्याजवळ थांबून पाय पाण्यात बुडवले, तळवे पाहिले, फोड आले होते. मग म्हणाली, "तू काऊन बोलली?" मी म्हटलं, "तू काऊन बोलली?" तिनं मला एक थोबाडीत दिली. मी रडले नाही. ती रडली.

आता पुढचं.

त्याच हप्त्यात मोहल्ल्यातल्या दोन पोरांची नादारी बंद झाली. मुलांच्या शाळेतली. त्यातला एक गिरजाकाकूचा पुतण्या. देशमुखानं गावात सांगून टाकलं होतं, खालच्या मोहल्ल्यात घरोघरी पितळ आहे, तिथं नादारी कशाला? गिरजाकाकू आमच्या ओट्यावर आली. मला वाटलं भांडायला आली. ती मायजवळ बसली आणि म्हणाली, "माह्या ताटात जेवून मलेच बुडवलं, त्या भाड्या दिवाणजीनं." आणि उठून गेली. तिच्या डोळ्यात मी माझ्यासारखं काहीतरी पाहिलं. ते मी लक्षात ठेवलं.

मोठा माणूस वैर धरतो तेव्हा त्याच्याकडं वावर असतं, कागद असतो, माणसं असतात. आमच्याकडं काय होतं? पितळ होतं. मागून आणलेलं, वापरलेलं, पोचे पडलेलं. मी सहा-सात महिने त्या पितळेचाच विचार करत होते. कपाशी वेचताना, शेण थापताना, दळताना.

आमच्याकडची रीत अशी. मोठ्या घरी लग्न निघालं की साऱ्या गावातली भांडी गोळा होतात. कोणाच्याही घरी एवढी भांडी नसतात, देशमुखाच्याही नाही. गावची पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसते. पण नवरदेवाकडच्या मंडळींना पाट मांडायचा, पितळेच्या ताटात वाढायचं. व्याह्याला पत्रावळ मांडली तर तो रुसतो. उठून जातो. म्हणून लग्नाआधी मोठ्या घरची बैलबंडी मोहल्ल्या-मोहल्ल्यात फिरते आणि घरोघरी बायका ताटं, पराती, पाण्याचे गुंड काढून देतात. कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. भांडी परत येतात तेव्हा पोचे पडून येतात, एखादं येतच नाही.

माघात देशमुखाच्या पोरीचं लग्न ठरलं. व्याही मोठा, पूर्णेच्या काठचा, शंभर माणसं घेऊन येणारा.

मी गिरजाकाकूकडं गेले. तिला म्हटलं, "काकू, आपल्या मोहल्ल्यात पितळ हाये का?"

ती तूर पाखडत होती. सूप थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हसली. तिला पुढचे दात नव्हते. म्हणाली, "नाही बा. कुठलं पितळ?"

तिथून मी घरोघर फिरले. ज्या घरांतून मी ताटं-वाट्या मागून आणल्या होत्या त्याच घरी आधी गेले. आणायला धावत गेले होते, आता चालत गेले. काही बायका भ्यायल्या. निंदणाला बोलावणार नाहीत, बटई काढून घेतील. बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांना एवढंच विचारलं, "तुमची नादारी कोणं खाल्ली?" मायला मी काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं. ती गप्प राहिली, आणि गप्प राहणं तिला फार जड गेलं.

बंडी आली. बैलांना झुली, गाडीवान नवा फेटा घातलेला. बरोबर दिवाणजी. तो गिरजाकाकूच्या दारात थांबला आणि नेहमीसारखं म्हणाला, "काढा ताटं, गिरजाबाई."

गिरजाकाकू ओट्यावर बसलेली. उठली नाही. "ताटं नाहीत."

"थट्टा नोको करू."

"नाहीत. भिकाऱ्याच्या घरी पितळ कुठून येते? पंच पाठवा, दिवाणजी. पाहून जाऊ द्या. औंदा जेवाले नाही घालत, एवढं सांगजा."

शेजारच्या ओट्यावरून कोणीतरी खुदकन हसलं. बंडी पुढं गेली. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. "पंच पाठवा." "आमी नादार." "पंच पाठवा." एका बुढीनं तर मातीचं गाडगं आणून बंडीत ठेवलं आणि म्हणाली, एवढंच आहे, घेऊन जा. बंडी मोहल्ल्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि त्या गाडग्यासह परत फिरली. रिकाम्या बंडीची चाकं जास्त वाजतात. तो आवाज माझ्या कानात आहे. मला झोप नाही आली की मी तो आठवते.

पण दिवाणजी हुशार होता. हे कोणाचं काम आहे हे त्याला कळलं. संध्याकाळी तो पुन्हा आला, एकटा, बंडीविना. सरळ आमच्या दारात. मायला म्हणाला, "मालकानं निरोप देला. येत्या जूनपासून पोरीले नादारी. पुस्तकं बी देतात. मागचं लिवलेलं फाडून टाकतात. तू फक्त मोहल्ल्यात सांग, ताटं काढा म्हणून. पोरीनं मालकाच्या पाया पडावं, झालं."

बायका जमल्या. गिरजाकाकू आली. सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्या तोंडावर होतं की पोरीचं भलं होत असेल तर आपण ताटं काढतो. खरंच काढली असती. गिरजाकाकूसुद्धा म्हणाली, "जाय, पोरी. तुहं होऊन जाऊ दे." मायनं कुंकवाची डबी उचलली. दाखला खालीच होता. तिनं तो हातात घेतला आणि माझ्याकडं धरला.

मला शाळा हवी होती. हे कोणी विसरू नये. मी रात्री जमिनीवर बोटानं अक्षरं काढायची. बाजारातून मिठाची पुडी आली की पुडीचा कागद वाचायची. तालुक्याच्या शाळेच्या फाटकावरच्या वेलीचं फूलसुद्धा मला आठवत होतं. आणि ती शाळा दिवाणजी दारात घेऊन उभा होता. हात पुढं केला असता तर मिळाली असती.

मी विचारलं, "दिवाणजी, माह्या नावापुढं काय लिवलं हाये?"

तो म्हणाला, सांगितलं ना, फाडून टाकतात.

"लबाड लिवलं हाये. लबाड पोरीले शाळेत कशाले घेता?"

त्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"आन् मोहल्ल्यातल्या त्या दोन पोरांची नादारी?"

तो म्हणाला, "मालकानं तुह्यापुरतं सांगतलं."

"मंग जा."

एवढंच. दिवाणजी गेला. मायनं दाखला पुन्हा डबीखाली ठेवला. त्यानंतर तिनं डबी उचलून पाहिलं नाही.

लग्नाला मी गेले. निमंत्रण गावाला असतंच. मांडवाच्या कडेला, बघ्यांत उभी राहिले. वरच्या आळीतली ताटं आली होती, ती थोडीच. पहिल्या पंगतीतही सगळ्यांना पुरली नाहीत. व्याह्याच्या भावापुढं पळसाची पत्रावळ आली. त्यानं ती पाहिली. हात धुतलेला होता, तो तसाच झटकून उठला. त्याच्यामागं ओळच्या ओळ उठली. व्याही जाऊन ओट्यावर बसला आणि देशमुख त्याच्यापुढं उभा राहिला. ओट्याखाली. डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला होता त्यानं.

व्याही म्हणाला, "भिकाऱ्याच्या घरी सोयरीक केली का आमी?"

हे मी बनवून सांगत नाही. मला लबाड म्हणून लिहिलेलं आहे, तरी सांगते, असंच म्हणाला. देशमुख हात जोडून म्हणत होता, चुकलं, पदरात घ्या. पुन्हा पुन्हा म्हणत होता. घाम त्याच्या मानेवरून खाली चालला होता. मी पुढं सरकले, त्याला दिसेन अशी. त्यानं मला पाहिलं. मी हसले. तोंड उघडून, दात दाखवून. त्यानंही माझं तोंड पाहून ठेवलं असणार.

दया आली का? नाही. त्याच्या पोरीची आली थोडी, ती आत डोकं खाली घालून बसली होती. त्याची नाही आली. घरी येऊन मी भाकर आणि कांदा खाल्ला. तेवढी गोड भाकर मी नंतर कधी खाल्ली नाही.

किंमत पडली. बटई गेली. बा दुसऱ्या गावाला मजुरीला जाऊ लागला. गिरजाकाकूला कोणी निंदणाला बोलावेना. तेराव्या वर्षी माझं लग्न करून दिलं, धामणगाव बढ्यालाच. बानं बाजारातून पितळेचं एक ताट घेतलं, आयुष्यात एकच. भांडीवाल्यानं विचारलं, नाव कोणाचं टाकू? बाचं टाकायची रीत. बा म्हणाला, "माह्या पोरीचं टाक." त्यानं त्या प्रकरणावर केलेलं तेवढंच बोलणं.

पस्तावा झाला का, असं लोक विचारतात. शाळेचा झाला. पुष्कळ झाला. नकाराचा नाही झाला.

हे सगळं आता का लिहिते? परवा नात आली. ती एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जाते आहे, जिथं फी कमी आहे आणि माफी मिळते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. कॉलेजातला एक साहेब तिला म्हणाला, तुझ्या हातात मोबाईल आहे, अंगावर चांगला ड्रेस आहे, तू कसली गरीब? ड्रेस मैत्रिणीचा होता. चांगलं दिसावं म्हणून घालून गेली होती. मी चुलीपुढं बसले होते, माझा हात थांबला. नात म्हणाली, "आजी, त्याच्या पाया पडली तर तो करते म्हणे. पडायला काय जाते?"

मी उठले. फळीवरचं ताट काढलं, तिच्यापुढं ठेवलं आणि तिला नाव वाचायला लावलं. मग ही सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून रडली. रडण्यासाठी नाही सांगितली.

तिला सांगितलं तेच इथं लिहून ठेवते. उद्या मी तिच्याबरोबर कॉलेजात जाणार आहे. तिनं तोच चांगला ड्रेस घालायचा. पायातली चप्पल काढायची नाही. साहेबाच्या समोर खुर्ची असते, तिच्यावर बसायचं, आणि माफी हक्काची आहे म्हणून मागायची. नाही म्हणाला तर त्याचं नाव विचारून, लिहून घ्यायचं. दुसरं कॉलेज शोधायचं, तिसरं शोधायचं. मी चालत येईन. आणि त्या साहेबाची पाळी येईल. कोणाची ना कोणाची गरज त्याला पडेलच, तोवर वाट पाहायची, आणि त्या दिवशी घरात पितळ नाही म्हणायचं.

पण माझ्या रक्ताची एकही बाई पुन्हा पायरीखाली उभी राहून भिकारी लिहा म्हणणार नाही. म्हणाली तर या ताटात तिला वाढायचं नाही. पोटची असली तरी.

सुनेला मी हे सांगून ठेवलं आहे. माझ्यामागंही वाढायचं नाही.